सखारामची गाठ घेऊन मुंबईला

पाचवा खड्डाही रिकामा निघाला. शेजारच्या भगवानने टिकाव खाली टाकला, कपाळावरचा घाम बोटाने निपटला आणि म्हणाला, "गयाआत्या, अजून खाली गेलो तं पाणी लागंल. पण तुमचं ते काई लागत न्हाई."

आमचं ते म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, सखारामच्या किडनीतली गाठ. तीन वर्षांपूर्वी जालन्यात ऑपरेशन करून त्याची उजवी किडनी काढली, तेव्हा लॅबवाल्यांनी गाठीचे तुकडे मेणात घालून, डब्यात भरून घरी दिले होते. आता आजार छातीत उतरला होता. पुढचं औषध ठरवायच्या आधी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाला ते तुकडे तपासायला हवे होते, तेही सोमवारी. आज शुक्रवार. तुकडे माझ्या भावजयीने, कौसाने, अंगणात पुरले होते, आणि कुठे पुरले ते तिला आठवत नव्हतं.

सखाराम लिंबाखाली बाजेवर बसून खोकत होता आणि दोन खोकल्यांच्या मधे आम्हाला सूचना देत होता.

"तिकडं न्हाई, गोठ्याकडं परत बघा. मला वाटतं गोठ्याकडंच."

"तुला काय माहीत? तू तवा दवाखान्यात पडून होता."

"पण गाठ माझी हाय ना, अक्का."

मी पिंपळगाव रेणुकाईहून सकाळच्या एस.टी.ने धावड्याला आले होते. डबा उचलायचा आणि दुपारच्या गाडीने जालना गाठायचं, एवढाच माझा बेत. पिंपळगाव माझं सासर, धावडा माहेर. वय बहात्तर, शिक्षण चौथी. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जनुकांबद्दल चार ओळी येणार आहेत आणि वाचणाऱ्याने माझ्याकडून फार अपेक्षा धरू नये. सखारामच्या दोन मुली. एकीचं बाळंतपण, दुसरीच्या घरी लग्न. बाकी कोणाला सवड नव्हती, आणि मला सवडीशिवाय काही नव्हतं. म्हणून मी निघाले.

आल्या आल्या मी म्हणाले, "कौसे, डबा काढ."

"डबा पुरलाय."

चुलीवरचा चहा उतू गेला. मी तो उतरवला.

"डॉक्टरनं काय सांगितलं होतं?"

"जपून ठेवा म्हणले."

"मंग?"

"मंग काय? वार पुरतो का न्हाई आपण? लेकराची नाळ पुरतो का न्हाई? मानसाच्या अंगातून निघालेलं कोनी फळीवर मांडून ठेवतं का, लोणच्याच्या बरणीशेजारी? जमिनीपेक्षा जपून कुठं ठेवायचं, तुम्हीच सांगा."

माझ्या चार बाळंतपणांच्या वारा पिंपळगावच्या परसात आहेत.

अंगणात पाच खड्डे पडले की गावात काय होतं, ते शहरातल्या लोकांना ठाऊक नसेल. तिसऱ्या खड्ड्याला शेजारच्या बायका कुडाशी येऊन उभ्या राहिल्या. चौथ्याला एका म्हातारबाने, नारळ-लिंबू वाहिलं का, असं हळूच विचारलं. पाचव्याला पोलीस पाटील आले.

"सखाराम, खरं सांग, काय निघालं? हंडा निघाला तं सरकारजमा करावा लागतो."

"गाठ हुडकून राह्यलो पाटील. किडनीतली."

पाटील हसले. "मानूस गाठ काढून टाकतो. हुडकत न्हाई."

"मुंबईचे डॉक्टर मागून राह्यले."

"त्याहिला काय करायचीय?"

सखारामने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "ते मला कळलं की तुम्हाला सांगते. तवर काठावर उभं राहू नका, माती ढासळते."

पाटलांचा विश्वास बसला नाही. ते सखारामच्या बाजेवर पायथ्याशी बसले आणि उठेनात.

दुपारी जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, कांदा. बोलण्यात माझ्या जांभळ्या लुगड्याचा विषय निघाला. मी म्हणाले, कुठून आलं होतं कोण जाणे. कौसा भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमच्या लेकीच्या, सुमनच्या लग्नात आल्तं. तुमच्या थोरल्या नणंदेनं नेसवल्तं. काठाला तेलाचा डाग होता, तुम्ही तो आत दुमडून घेतल्ता."

मी घास ताटात ठेवला.

"कौसे, सुमनच्या लग्नाला किती वर्सं झाली?"

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीस वर्सांपूर्वीचा डाग तुझ्या ध्यानात हाय. अन् तीन वर्सांपूर्वीचा खड्डा न्हाई?"

ती तव्याकडे बघत राहिली. भाकरी करपली. मी दारातून बाहेर पाहिलं. एक खड्डा भिंतीशी, एक लिंबाशी, एक गोठ्याशी, दोन कुंपणाशी. आणि मधोमध, कुठल्याच खड्ड्याच्या वाटेत नसलेलं, मोसंबीचं कमरेएवढं झाड. चैत्र संपत आला होता. गावात पाणी टँकरने येत होतं. पण मोसंबीचं आळं ओलंगच्च होतं.

"मोसंबीखाली हाय," मी म्हणाले.

कौसाने तवा उतरवला आणि पदर तोंडाला लावला. "हाय. पण उपटू नका अक्का, तुमच्या पाया पडते. ह्यांच्या अंगाचं खाऊन वाढलंय ते. लावलं तवा हे खाटंवर होते. त्याला पालवी फुटली अन् हे उठून बसले. मागल्या साली शेळीनं त्याची साल कुरतडली तं ह्यांना आठ दिवस ताप आल्ता. झाड हाय तवर हे हायेत. उपटलं अन् ह्यांचं काई झालं तं?"

"अन् न्हाई उपटलं तं? झाडाला मोसंब्या लागतील अन् तू त्या ह्याच्या तेराव्याला वाटशील."

बाजेवरून आवाज आला, "अक्का, मी हितंच बसलोय."

"बस. तुझंच चाललंय."

शेवटी सखाराम उठला आणि झाडापाशी जाऊन उभा राहिला. दहा पावलं चालायला त्याला दोनदा थांबावं लागलं. ते कौसानेही पाहिलं आणि मीही पाहिलं. ती आत गेली आणि गोणपाट घेऊन आली. "मुळांची माती सांडू देऊ नका," एवढंच भगवानला म्हणाली.

भगवानने झाड मातीच्या गोळ्यासकट उचललं. हातभर खाली सखारामच्या जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला डबा निघाला. श्रीखंडाचा, एक किलोचा, झाकणाला दोऱ्याचे वेढे, एका बाजूला चीर आणि तीतून आत शिरलेल्या मुळ्या. पाटील झाकण उघडेपर्यंत श्वास रोखून होते. आत लॅबची प्लास्टिकची डबी. डबीत काडेपेटीहून लहान अशा मेणाच्या तीन वड्या, प्रत्येकीच्या पोटात मटकीएवढा काहीतरी करडा तुकडा. एका वडीला मुंग्यांनी कोपरा खाल्ला होता. दोन धड होत्या.

पाटील म्हणाले, "एवढंच?" आणि घरी गेले.

सखाराम बराच वेळ तळहातावर वडी घेऊन बसला. "एवढीशी? ह्या एवढीशीसाठी मला अर्धा कापला? अक्का, हिला नमस्कार करू का शिवी देऊ?"

"खाली ठेव. घामानं मेण वितळंल."

झाड गोठ्याशेजारच्या तिसऱ्या खड्ड्यात लावलं, कारण खड्डा तयारच होता. कौसा म्हणाली, मीही येते. डबा आता मी कोणाच्या हाती देणार न्हाई. आणि सखारामला तिने झाडाला सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तांबे पाणी घालायचं वचन द्यायला लावलं. त्याच्या गोळ्यांचं वचन मागायला ती विसरली. ते मी मागितलं.

मस्तगड, शनिवार

जालन्यात माझं एक हक्काचं घर आहे, मस्तगडातल्या कमळाबाईंचं. खाली कापडाचं दुकान, वर घर. तिचे लोक राजस्थानातून आले त्याला किती पिढ्या झाल्या ते तिलाही सांगता येत नाही. माझ्या लग्नाचा बस्ता तिच्या सासऱ्याने बांधला होता. तेव्हापासून आमची ओळख, आणि ओळखीपेक्षा जास्त आमची भांडणं.

आधी लॅबमध्ये गेलो. तिथल्या माणसाने वड्यांवरचे नंबर जुन्या कागदाशी ताडून पाहिले, मुंबईसाठी चिठ्ठी दिली आणि म्हणाला, "आजी, डबीला माती कशी?" मी म्हणाले, गावाकडे असते. तो म्हणाला, ऊन फार आहे, मेण नरम पडू देऊ नका, आजची रात्र फ्रिजमध्ये ठेवा.

आमच्या ओळखीत फ्रिज एकच, कमळाबाईचा. ती फ्रिजच्या दारासमोर हात पसरून उभी राहिली.

"गया, पन्नास सालची दोस्ती हाय म्हणून सांगते. ह्या फ्रिजमधी आजवर कांदा गेला न्हाई, लसूण गेला न्हाई, आलू गेला न्हाई. अन् तू मानूस ठेवून राह्यली?"

"सगळा मानूस न्हाई. चिमूटभर हाय."

"कांदा बी चिमूटभर नको म्हणते मी."

तिचं म्हणणं बरोबर होतं. तिचं घर पक्कं जैन. दिवस मावळायच्या आत जेवून मोकळं होणारं. पण कमळाबाई नुसती नाही म्हणून थांबणारी बाई नाही. तिने नवा माठ मागवला, त्यात ओली वाळू भरली, वाळूत डबी रोवली, वरून ओलं फडकं गुंडाळलं आणि तो माठ दुकानात मोठ्या पंख्याच्या बरोबर खाली, स्वतःच्या गादीवर ठेवला. दुपारभर सखारामची गाठ वाऱ्याला होती आणि आम्ही तिघी भिंतीला पाठ लावून घाम पुसत होतो.

घोळ संध्याकाळी झाला. अक्षय तृतीया चार दिवसांवर आली होती, आणि त्या दिवशी आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. साड्या घ्यायला आलेल्या एका बाईने गादीवरचा ओल्या फडक्यातला माठ पाहिला, चपला काढल्या, हात जोडले आणि हळहळून कौसाला विचारलं, "तुमच्यातलं कोण वारलं, बाई?"

"कोनी न्हाई!" कौसा ताडकन उभी राहिली. "माझा नवरा जित्ता हाय! धावड्यात हाय! झाडाला पाणी घालून राह्यला!"

ती बाई साडी न घेताच गेली. कमळाबाई म्हणाली, "गया, तुझ्या भावानं माझं गिऱ्हाईक खाल्लं." मग स्वतःच हसत सुटली. पंखा मात्र बंद केला नाही.

कौसाने तेवढ्यात धावड्याला फोन लावला.

"झाड कसं हाय?"

"हाय."

"पानं?"

"ताजी हायेत."

"पाणी?"

"घातलं. आता मी बी गोळी..."

तिने फोन ठेवला होता.

साडेपाचला आम्हाला जेवायला बसवलं. गट्ट्याची भाजी, फुलके, आणि पापडाची भाजी. कौसा पापडाची भाजी पहिल्यांदाच बघत होती. तिला वाटलं पापड चुकून आमटीत पडला. काढून ताटाच्या कडेला ठेवला, मग कमळाबाईने डोळे वटारले तसा खाल्ला. आमच्याकडे दिवेलागणीनंतर तवा चुलीवर चढतो. त्यामुळे नवाला आम्हा दोघींच्या पोटात पुन्हा कावळे ओरडायला लागले. आमच्या पिशवीत धपाटे होते, पण त्यात लसूण. मी आणि कौसाने जिन्यात बसून, बाहेर तोंड करून, चोरासारखे धपाटे खाल्ले. वरून कमळाबाईचा आवाज आला, "मला वास येऊन राह्यला बरं का."

मुंबई, सोमवार

रेल्वेचं काही सांगत नाही. बसलो आणि उतरलो. डबी बर्फाच्या पिशवीसकट कौसाच्या मांडीवर होती. जालन्यापासून मुंबईपर्यंत ती कुणाशी बोलली नाही आणि जागेवरून उठली नाही. बर्फ वितळून तिचं लुगडं भिजलं, तरीही नाही.

इस्पितळाजवळच्या धर्मशाळेत आम्हाला जागा मिळाली. तिथे देशभरची माणसं, आणि सगळ्यांच्या हातात एकसारख्या फायली. गावाकडे माणसं एकमेकांना आधी गाव विचारतात, मग आडनाव. इथे आधी विचारतात, "कुठला?" म्हणजे शरीराचा कुठला भाग. आम्ही म्हणायचो, किडनी. मग समोरचा म्हणायचा, गळा, किंवा पोट. एवढ्यावर ओळख पुरी. धर्मशाळेतल्या वरणात गूळ होता. कौसाने ठेच्याची बरणी काढली. शेजारच्या बिहारच्या बाईने बोटभर ठेचा घेतला, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिने पदराने ते पुसलं आणि पुन्हा हात पुढे केला. आठ दिवस तिला कशाचीच चव लागत नव्हती म्हणाली. जेवण संपेपर्यंत बरणी रिकामी झाली.

इस्पितळात तुकडे घ्यायची खिडकी वेगळी आहे. तिथल्या क्लार्कबाईंनी डबी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. डबीला बाहेरून मोसंबीच्या मुळीचं जाळं चिकटलेलं होतं.

"हे कुठे ठेवलं होतं?"

"जपून," कौसा म्हणाली.

"जपून म्हणजे कुठे? फॉर्ममध्ये रकाना आहे."

"मोसंबी लिहा," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि एका डॉक्टरीणबाईंना बोलावलं. माझ्या नातीच्या वयाच्या होत्या. त्यांनी वड्या उजेडात धरून पाहिल्या, मुळीचं जाळं चिमट्याने काढलं आणि सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. हसू आलं तेव्हा खिडकीकडे तोंड केलं, हे मी पाहिलं. मग म्हणाल्या, मेणाने आतलं बरंच राखलेलं दिसतं, दोन वड्यांतून काम होईल असं वाटतं, पण तपासल्याशिवाय सांगत नाही.

मी विचारलं, "ह्यातून कळणार काय, ते सांगा. आमच्या पोलीस पाटलांना मी कबूल करून आलेय."

त्या म्हणाल्या, "आजी, गाठीच्या पेशींमध्ये काही जनुकं मोडलेली असतात. जनुक म्हणजे पेशीने कसं वागायचं याची लिहून ठेवलेली सूचना. कोणती सूचना मोडली आहे ते पाहिलं, की हा आजार सावकाश चालणारा आहे की धावत सुटणारा, याचा अंदाज येतो."

हे मला लगेच कळलं. जालन्यात बियाण्याच्या कंपन्या जागोजागी. पिशवी एका रंगाची, चित्र एकच, पण एका पिशवीतलं तरारून येतं आणि दुसरीतलं मातीतच राहतं. म्हणून पेरणीआधी आम्ही शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि मोजतो. मी तसं सांगितलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "अगदी तसंच समजा."

"मंग शंभरातले किती, ते सांगून टाका."

"तेवढं नक्की नाही सांगता येत. आणि कोणतं औषध लागू पडेल, हे तर नुसत्या जनुकांवरून अजून खात्रीने कळत नाही. छातीचे फोटो, रक्त, त्यांची ताकद, हे सगळं एकत्र बघून ठरवायचं."

"मंग आम्ही पाच खड्डे कशाला खणले?"

"काहीच अंदाज नसण्यापेक्षा थोडा असलेला बरा, म्हणून."

"बराबर," मी म्हणाले. मला न येणाऱ्या गोष्टीला येतं म्हणणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिलेत. ही बाई मला आवडली.

मग घराण्याची चौकशी निघाली.

"तुमचे वडील कशाने गेले?"

"बैलानं मारलं."

"आजोबा?"

"पटकीनं."

"घरात कुणाला किडनीचा त्रास?"

"आमच्या घरात कुणाला किडनी असते हेच माहीत नव्हतं."

त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, कधी कधी हा दोष वंशातून आलेला असतो. तसा संशय आला तर तुमचं आणि त्यांच्या मुलींचं रक्त तपासावं लागेल. मी बाही वर केली. "आत्ताच घ्या. परत कोण येतं एवढ्या लांब?" त्यांनी समजावून सांगितलं की आधी गाठीचं कळू दे. मी बाही खाली केली नाही. शेवटी कागदावर सही घेऊन त्यांनी माझं रक्त काढून ठेवलं.

उठताना कौसाने विचारलं, "डॉक्टरीणबाई, गाठ तीन वर्सं झाडाखाली होती. आता झाड हलवलंय. झाड वाळलं तं मानसाला काई होतं का?"

मला वाटलं, आता ही पोरगी हसणार. ती हसली नाही. म्हणाली, "नाही आजी. झाडाचं झाडापाशी, माणसाचं माणसापाशी. ही वडी त्यांच्यापासून केव्हाच वेगळी झाली आहे. तिच्याकडून आपण फक्त माहिती काढणार."

कौसाने मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाली, "शिकलेली हाय, पण लहान हाय. तिला काय माहीत?" आणि फोन लावला.

"झाड कसं हाय?"

"पानं ताजी हायेत," सखाराम म्हणाला.

पुन्हा धावडा, बुधवार

अंगणातले खड्डे बुजवलेले होते. गोठ्याशेजारी मोसंबी उभी होती, पानं हिरवीगार, आळं भरलेलं. सखाराम बाजेवर बसून आमच्या तोंडाकडे बघत होता, परीक्षेला बसल्यासारखा. भगवान कुडाशी काहीतरी काम काढून उभा होता.

कौसाने पिशवी ठेवली आणि सरळ झाडापाशी गेली. खाली वाकली, बुंध्यावरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा. शेळीने साल कुरतडली होती ती गुडघ्याएवढ्या उंचीवर. मला आठवत होतं. तिला तर आठवतच असणार. या झाडाचा बुंधा गुळगुळीत होता.

ती उठली. सखारामकडे वळली. तो खोकायला लागला, आणि तो खोकला खरा नव्हता.

"ताजी हायेत पानं," कौसा म्हणाली. आत गेली, तांब्या भरून आणला आणि झाडाला घातला.

मी भगवानला कुडाआड गाठलं. तो म्हणाला, "आत्या, मूळ झाड मुळासकट कोमेजून गेल्तं. सखारामनाना म्हणले, रोपवाटिकेतून बराबर तेवढंच आण, अन् कोनाला बोलू नको. मी दोन ठिकाणी फिरून आणलं. उंची बरोबर हाय ना?"

"उंची बरोबर हाय," मी म्हणाले.

तीन आठवड्यांनी मुंबईहून बोलावणं आलं. या वेळी सखारामला घेऊन गेलो. अहवालात दोन जनुकांची नावं होती, तीन-चार इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा, ट्रॅक्टरच्या नंबरासारखी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, यातलं एक मोडलेलं आहे, पण ज्याच्या मोडण्याने आजार फार आडदांड होतो ते शाबूत आहे. तेव्हा हा सावकाश चालणाऱ्यांतला असावा. असावा, असंच म्हणाल्या. दोष गाठीतला आहे, वंशातला नाही. माझ्या रक्तातही काही सापडलं नाही. सगळं बघून त्यांनी सलाइनमधून द्यायचं एक औषध आणि रोजच्या गोळ्या ठरवल्या. पाटलांना मी हे सगळं बियाण्याच्या हिशोबाने समजावलं. ते म्हणाले, तरी हंडा निघाला असता तं बरं झालं असतं.

औषध सोपं गेलं नाही. सखारामच्या तळहातांची साल निघाली, तोंड आलं, ठेचा सुटला. ठेचा सुटला याचा राग त्याने सगळ्यांवर काढला, आजारावर सोडून. दोनदा गोळ्या थांबवाव्या लागल्या, कमी कराव्या लागल्या. छातीतले डाग अर्ध्यावर आले आणि तिथेच थांबले. पूर्ण गेलेले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणतात, थांबले आहेत तेच पुष्कळ.

याला दोन वर्षं झाली. नवीन मोसंबीला यंदा पहिल्यांदा अकरा फळं धरली. कौसाने त्यांतलं एक कमळाबाईला पाठवलं, गिऱ्हाईक गेलं त्याच्या भरपाईला. झाड बदललं हे ती सखारामला बोललेली नाही, आणि तोही तिला नाही. आम्ही सगळे त्याला तेच झाड म्हणतो.

ते मूळ झाड तिसऱ्याच दिवशी वाळलं होतं. सखाराम जिवंत आहे.